तिनं पाणी घातलेली धार

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दगडावर माझी सुतारकामाची पटाशी घासत होतो आणि ती तांब्यातून थेंब थेंब पाणी सोडत होती. चाळीस वर्षं हे काम आमचं दोघांचं. "आता बास करा, दाढी करायचीय का पटाशीनं?" ती म्हणाली. पहाटे झोपेतच गेली.

सरणासाठी तुपाचा डबा आणला, तो मेहुण्यानं त्याच पटाशीनं फोडला. धारेला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली. मी ओरडलो, तर म्हणतो, "दाजी, आजच्या दिवशी पटाशीचं काय घेऊन बसलात?"

आजच्याच दिवशी बोलणार. एवढ्या भरल्या घरात एक चमचा मिळाला नाही? धार डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोकांना ती फुकटची वाटते. गुळगुळीत दार बघून सुताराला शाबासकी देतात. दगडावर पाणी कोण घालतं, हे एकानंही कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही, त्याचाही राग येतो.

खाच काढायची तर तेवढं लोखंड घासून टाकावं लागतं, आणि त्याबरोबर तिनं पाणी घातलेली धारही जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगड मांडला. डाव्या हातानं पाणी घालत बाकीची सगळी हत्यारं घासली. ती पटाशी तेवढी खाचेसकट फळीवर ठेवली.