काकूंची हट्टी बशी

प्रयोगशाळेत काकूंचं काम एकच, काचेच्या बश्यांमधल्या यकृताच्या पेशी सांभाळायच्या. पेशी जात्याच आळशी. वाढीचा निरोप देणारं प्रथिन, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, थेंबभर मिळाल्याशिवाय ढिम्म हलायच्या नाहीत.

"अगदी आमच्या ह्यांच्यासारख्या!" काकू म्हणायच्या. काकांना 'जेवायला बसा' म्हटल्याशिवाय भूकसुद्धा लागत नसे.

एकदा ऐन कामात काकांचा फोन आला. "अगं, दार वाजतंय. उघडू का?"

"नको, वाजू दे!" काकू खेकसल्या आणि त्या रागात एका बशीत थेंब टाकायचाच विसरल्या. पुढच्या आठवड्यात बघतात तर नेमकी तीच बशी गच्च भरलेली!

संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "काकू, या पेशी आता निरोपाची वाट बघत नाहीत. स्वतःचा ग्रोथ फॅक्टर स्वतःच बनवतात. यकृताच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते."

ते वाक्य डोक्यात घोळवत काकू घरी आल्या. बघतात तर काय, काका आपल्या हातानं ताट घेऊन, जेवून, वर भांडी घासत उभे!

काकूंनी खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"हात धुवा," त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "आधी डॉक्टरकडे चला!"