टेबलावरचा मेणाचा क्रूस

गुल्वेन मालगोर्न वेसाँ बेटावर जन्मला आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या बंदरात एकतीस वर्षं भिंतींवर जाहिराती चिकटवत राहिला. खळ स्वतः शिजवायचा. गुठळी दिसली तर अख्खी बादली ओतून द्यायचा.

त्या मार्चमध्ये धक्क्यावरच्या भिंतीवर सार्डिन माशांच्या डब्याची जाहिरात लावायची होती. कागदाचे चार तुकडे. खालचे दोन आधी, म्हणजे वरच्याची कड त्यांच्यावर येते आणि पाणी आत शिरत नाही. टेबल लागलं, पांढरं कापड लागलं, त्यावरचा डबा लागला, शेजारी दोन म्हातारे हात. वरचे तुकडे ब्रशने सपाट केले, तेव्हा जाहिरातीच्या चित्रातून त्याची वहिनी सोआझ बघत होती.

आदल्या वर्षी तिचा मुलगा एवेन होडीसकट बुडाला. प्रेत मिळालं नाही. बेटाच्या रीतीप्रमाणे प्रेताऐवजी मेणाचा लहानसा क्रूस पांढऱ्या कापडावर मांडून रात्र जागवली, आणि सकाळी धर्मपिता म्हणून काका गुल्वेननेच तो चर्चमध्ये नेला. पॅरिसहून आलेल्या फोटोग्राफरला घरात घेणाराही तोच. एवेनचा एकही फोटो नव्हता. निदान क्रूसाचा तरी राहील, असं सोआझ म्हणाली होती. कबूल केलेली प्रत आलीच नाही.

जाहिरातवाल्यांना तिचे काळे कपडे सणाचे वाटले असावेत, आणि ती नजर भुकेची. त्याच फोटोतला क्रूस पुसून तिथे डबा रंगवला होता. वर लिहिलं होतं, ‘आजी कशाची वाट बघतेय?’

खळ ओली होती. गुल्वेनने चारही तुकडे खरवडून काढले. ठेकेदार केरड्रॉनने विचारलं, की एकतीस वर्षांत तुझा एक कोपरा सुटला नाही, आज अख्खी भिंत कशी सुटली?

“मी सोडवली. दुसऱ्या कुणाला सांगा.”

“का रे, सार्डिन बाधतात का आता?”

बादली उचलून गुल्वेन चालू लागला. केरड्रॉनने दुसरा माणूस लावला.

शनिवारी सोआझ बाजाराला बोटीने आली आणि जाहिरातीसमोर थांबली. टोपली खाली ठेवून तिने डब्यावरून हात फिरवला.

“भावजी, याच्याखाली आहे का तो?”

“नाही, वहिनी. खाली भिंत आहे.”

ती म्हणाली, मग त्यांना लिहा. डबा त्यांना राहू दे, आपल्याला आधीचा फोटो द्या म्हणावं.

गुल्वेनला लिहायची सवय नव्हती. तीन संध्याकाळी खोडाखोड करत त्याने पत्र पुरं केलं. क्रूस म्हणजे काय, तो कुणाचा, सगळं लिहिलं. दोन आठवड्यांनी कारखान्याकडून खोकं आलं. आत सार्डिनचे बारा डबे होते आणि चिठ्ठी: आजीबाईंना चित्र आवडलं, याचा आम्हाला आनंद आहे.

खोकं त्याने बेटावर नेलं नाही. वहिनीला म्हणाला, उत्तर आलं नाही.

“येईल,” सोआझ म्हणाली. “माणसं कामात असतात.”

पुढची सहा वर्षं, ती जाईपर्यंत, दर शनिवारी ती बोटीतून उतरली की आधी उत्तर आलं का, तेच विचारायची.