गाण्याखाली दबलेला हॉर्न

खून-दरोड्यांचे तपशील आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी पाहिलेला बारा सेकंदांचा एक व्हिडिओ मला अजून जसाच्या तसा आठवतो.

ठाण्यातली सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो. मोबाईलवर एकच व्हिडिओ चौघांकडून आला. कुणाच्या तरी गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले कर्जत-खोपोली रस्त्यावरचे वळण, आणि साजगावच्या कारखान्यात कामगार बायकांना नेणारी मिनीबस चुकीच्या बाजूने थेट समोर येते. करकचून ब्रेक लागतो, चित्र हलते, संपले. वर धडधडणारे गाणे आणि खाली मजकूर : ‘हा माणूस कुणाचा तरी जीव घेणार.’ बसचा नंबर स्वच्छ दिसत होता. माझा पारा चढला. अपघाती मृत्यूंचे पंचनामे करून करून बेफाम चालवणाऱ्यांविषयी माझ्या मनात दया उरली नव्हती. मी तो व्हिडिओ शांतता समितीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘चालकावर कडक कारवाई करत आहोत.’ तपास सुरू व्हायच्या आधीच निकाल देऊन मोकळा झालो.

दुपारी चालक माझ्यासमोर उभा होता. दहिवलीकडचा, पन्नाशी उलटलेला माणूस. बसमालकाने माझा मजकूर वाचून त्याच्याकडून चावी काढून घेतली होती.

“गाडी तूच चालवत होतास ना?”

“मीच हाय.”

“विरुद्ध बाजूला का गेलास?”

“जावं लागलं, साहेब.”

“का?”

त्याने मान खाली घातली. मी आवाज चढवला, कलमे ऐकवली, परवाना जाईल म्हणून दरडावले. तो एवढेच म्हणाला, “माझं काय करायचं ते करा. पण उद्या त्या बायांना कामावर कोण नेल, तेवढं बघा.”

चोर गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. याची नजर जमिनीवर होती. ते मला दिसले होते, पण रागाच्या भरात मी त्याकडे काणाडोळा केला.

जबाब लिहून घेणारे हवालदार खालापूरचेच. त्यांनी पेन खाली ठेवले. “साहेब, हा मानूस हॉर्न दिल्याबिगर वळनाला गाडी घालत नाय. रोज बघतो आमी त्याला. या व्हिडिओत नुसतं गाणं वाजतंय. हॉर्न कुठं गेला?”

इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता. व्हिडिओ टाकणाऱ्या बाईंचा शोध लागायला वेळ लागला नाही. नेरळच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या, नुकत्याच गाडी शिकलेल्या. ठाण्यात आल्या तेव्हा सोबत कपाळाला पट्टी लावलेली आई. दोघी अजून हादरलेल्या होत्या.

“साहेब, आईचं डोकं आपटलं. मी गप्प बसायला हवं होतं का?”

“मुळीच नाही. पण कॅमेऱ्यात आहे ते सगळं दाखवा.”

मूळ चित्रणात गाणे नव्हते. ते बाईंनी नंतर चढवले होते. बस दिसण्याआधीच वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक, तीनदा. मग भरदिवसा दिवे लावलेली बस माणसाच्या चालीने पुढे आली. ब्रेक लागल्यावर बाईंची गाडी हळूहळू वळण पार करते, तो भाग त्यांनी कापला होता. तिथे बसच्या बाजूला विटांनी भरलेला ट्रॅक्टर आस तुटून आडवा झालेला होता. त्याच्या मागे रस्त्यावर दगड ठेवून दाबलेली हिरवी फांदी.

“ही फांदी कशाला?” बाईंनी विचारले.

“पुढं गाडी बंद पडलीय, जपून या, असं सांगायला टाकत्यात ताई,” हवालदार म्हणाले.

फांदी टाकली होती, पण एकाच बाजूला. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसेलच, असे गृहीत धरलेले. वळणामुळे तो दिसत नव्हता. आणि हॉर्न? बाई म्हणाल्या, “ऐकला होता मी. पण इथे सगळेच वाजवतात.”

मी चालकाला खुर्ची दिली. “तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?”

“ट्रॅक्टर शेजाऱ्याचा हाय. त्याचे कागद पुरे नायत. मी बोललो असतो तर त्याची चूल बंद झाली असती.”

“आणि तुमची?”

“ती तर सकाळीच बंद झाली, साहेब.”

मला माझीच लाज वाटली. ती चूल माझ्या एका ओळीने बंद केली होती.

त्याच ग्रुपवर मी माझी चूक लिहिली. बाईंनी अख्खे चित्रण गाण्याशिवाय टाकले. ते पहिल्यासारखे पसरले नाही. अर्धवटाला पाय फुटतात, पुऱ्याला चालायला लावावे लागते. पण दुसऱ्या दिवशी कामगार बायकाच मालकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. “यो चालवंल तरच बसू.” चावी परत मिळाली. ट्रॅक्टरवाल्याला कागदांचा दंड भरावा लागला. चालकालाही मी समज दिली, की अशा वळणावर आधी कुणाला तरी खाली उतरवून रस्ता बघायला सांगायचे. त्याने मान डोलावली.

लोक मला विचारतात, रस्त्यावरच्या बेफाम गाड्यांचे चित्रण करावे का? जरूर करावे. आम्ही पोलीस प्रत्येक वळणावर उभे राहू शकत नाही. मात्र चालवणाऱ्याने मोबाईल हातात घेऊ नये, चित्रणाला कात्री लावू नये, आणि गावाला दाखवण्याआधी ते ठाण्यात आणावे.

त्या बाईंनी तसेच केले. काही महिन्यांनी त्या ठाण्यात आल्या. वळणावर गाड्या मागे टाकत सुटलेला एक डंपर त्यांच्या कॅमेऱ्यात सापडला होता. व्हिडिओ कुठेही टाकलेला नव्हता. कॅमेऱ्याचे कार्ड ताब्यात घ्यायला दोन पंच हवे होते. योगायोगाने आमचा मिनीबसवाला परवान्याच्या कामाला आलेला. एक पंच तो झाला. डंपरचा तुकडा दाखवून मी पंचनामा त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेन घेतले, पण टेकवले नाही. बाईंकडे पाहून हसला.

“ताई, पयल्यापासून लावा. समदा बघतो, मंग सही करतो.”

बाईंनी चित्रण पहिल्यापासून लावले. मीही खुर्ची ओढून बघायला बसलो.