पुस्तकाबाहेरचा उतारा

कार्यशाळा म्हटलं की माझं डोकं आदल्या दिवसापासूनच दुखायला लागतं. आम्ही फळ्याजवळ उभी राहणारी माणसं. आम्हाला दिवसभर खुर्चीत बसवायचं, पडद्यावरची वाक्यं आमच्याचपुढं वाचून दाखवायची, मधे चहा, मधे उप्पीट आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. त्या फोटोत माझं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं असतं.

पण ही कार्यशाळा वेगळी होती, हे मान्य करते. अभ्यासक्रम नवा येत होता, म्हणून राज्यभर एकदम होणारी चाचणीही नवी करायची होती. त्यासाठी आम्हा काही शिक्षकांना कोल्हापुरात बोलावलं होतं. पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, आता घोकंपट्टी बंद. मुलाला काय पाठ आहे ते सोडा, काय येतंय ते बघा. वाचनाचा उतारा पुस्तकातला अजिबात नको, मुलानं कधी न पाहिलेला हवा. मी मनात म्हटलं, देव पावला. हेच मी इतकी वर्षं कंठशोष करून सांगत होते आणि लोक माझ्याकडं बघून नाकं मुरडत होते.

चौथीचा उतारा माझ्या वाट्याला आला. मी एसटीत चढलेल्या शेळीची गोष्ट लिहिली. शेळीला तिकीट लागतं की नाही यावरून म्हातारी आणि कंडक्टर हमरीतुमरीवर येतात, आणि तेवढ्यात शेळी मशिनमधून लोंबणारी तिकिटंच खाऊन टाकते. साहेब पोट धरून हसले. माझी मान दिवसभर ताठ होती.

छापायला जाण्याआधी हे प्रश्न निवडक शाळांतल्या मुलांना देऊन बघायचे होते. स्वतःच्या शाळेत मात्र नाही, दुसऱ्याच्या. मुलांना मदत करायची नाही आणि कुणाचं नाव लिहून घ्यायचं नाही, असा नियम होता. मला गडहिंग्लजकडची एक शाळा मिळाली, पार सीमेला टेकलेली. ऊसतोड सुरू झाली होती. एसटीतून उतरले तेव्हा दोन्हीकडं पाचट पेटवलेलं, आणि धुरानं सकाळच्या वेळी सूर्य तांबडा दिसत होता. मला ते काही बरं वाटलं नाही, पण धुराला काय दोष द्यायचा, म्हणून चालू लागले.

आमच्या जिल्ह्यात स्कॉलरशिपची परीक्षा म्हणजे कुस्तीच्या मैदानाइतकाच ईर्षेचा विषय. कुणाच्या शाळेची किती पोरं यादीत आली यावरून गावागावात जुंपते. या गावाच्याही चौकात मागच्या पोरांचे फोटो असलेला फ्लेक्स होता आणि त्यावरचा हार वाळून गेला होता. शाळेतला तरुण सर पोरांना शाळेआधी बोलावून सरावाचे पेपर मोठ्यानं म्हणून घ्यायचा. पोरगा कष्टाळू होता, त्यात शंका नाही. मी पाण्याचा घोट घेतेय तोवर त्यानं एका मुलीला पुढं आणलं आणि म्हणाला, हा आमचा हुकमाचा एक्का.

दोन वेण्या, लाल रिबिनी, गालभर हसू. बघत मात्र होती माझ्या खांद्याकडं, मान जरा तिरकी करून. मला वाटलं, कौतुकानं शेफारलेलं कार्टं आहे. सरांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं, धड्याचं नाव घेतलं आणि तिनं जो धडा वाचायला सुरुवात केली म्हणता! कुठं अडखळणं नाही, कुठं थांबायचं ते बरोबर ठाऊक. पोपटपंचीची मला मनस्वी चीड आहे, पण ते वाचन मी सुद्धा ऐकत राहिले.

मग मी व्हरांड्यात सतरंजी टाकून एकेकाला बोलावलं. माझ्या शेळीनं पोरांचा पार घामटा काढला. पुस्तकातली पानंच्या पानं घडाघडा म्हणणारी पोरं 'कंडक्टर' या शब्दापाशी येऊन बैल बसावा तशी बसत होती. मी नियमाप्रमाणं गप्प. शेवटी ती आली. मी कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, शेळीची गोष्ट आहे, वाच.

तिनं लगेच सुरुवात केली. आवाज तोच, ठसकाही तोच. पण शेळी माझी नव्हती. तिची शेळी रानात चरायला गेली होती, तिला वाटेत कोल्हा भेटला होता. एसटीचा कुठं पत्ताच नव्हता. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. ओळी संपल्या, बोट खालच्या चित्रावर गेलं, शेळीनं खिडकीतून काढलेल्या डोक्यावरून फिरलं, आणि त्या चित्रावरही ती वाचतच होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी कागद पालथा केला. मागची बाजू कोरी होती. म्हटलं, आता हे वाच. ती वाकली. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. कागद नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा सतरंजीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाली,

"कुठला धडा हाय तेवढं सांगा की बाई. म्हंजे वाचतो."

आमच्याकडं पोरी सुद्धा 'वाचतो'च म्हणतात. कोऱ्या कागदावर बोट टेकवून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

नियम गेला चुलीत. मी तिला जवळ ओढून घेतलं आणि विचारलं, बाळा, तुला काय दिसतंय? ती आधी सरांकडं, वर्गाच्या दाराकडं कान देऊन बसली. मग म्हणाली, "मधी भोक पडल्यागत हाय. कडंचं समदं दिसतंय. तुमच्या तोंडाकडं बघाय गेलं की तोंडच जातंय." दुसरीत होती तेव्हा ते बारकं होतं, आता वाढलंय, म्हणाली. घरी धाकटी बहीण, तिच्याहून एक इयत्ता मागं, तीच हिला चौथीचं पुस्तक वाचून दाखवते. दोनदा ऐकलं की पाठ होतं. धाकटीला वाटतं, अक्का आपल्याला वाचायला शिकवतेय. वर्गात सर सगळं मोठ्यानं म्हणून घेतात, त्यामुळं तिथंही निभतं. पळताना, पाणी आणताना ती कुठं धडकत नाही, मग कुणाला काय कळणार? इतकी वर्षं चाचणीत पुस्तकातलंच यायचं, आणि पुस्तक तर तिच्या डोक्यात होतं.

"कुनाला सांगू नका," ती म्हणाली. "घरी बसीवत्याल मला."

मी सांगितलं. कसं नाही सांगणार? सरांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणतो कसा, परीक्षा तेवढी होऊ द्या मॅडम, मग मी स्वतः तिला दवाखान्यात नेतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला तिथंच, पोरांच्या देखत, नको नको ते बोलले. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग गाडीला किक मारून म्हणाला, बसा, तिच्या घरी जाऊया.

घरात आजी होती आणि भाकरी थापणारी आई. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर. पाव्हण्या आल्या म्हणून आजीनं मला गूळ-पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकूनही घेतलं. तिला जराही धक्का बसला नाही, याचाच मला धक्का बसला. ती म्हणाली, घरात चालत आलंय ते, हिच्या आज्याचं पण असंच झालतं. जातंय थोडं थोडं, मग थांबतंय. त्या भागात मुलगी सख्ख्या मामाला द्यायची रीत आहे. या आईचं लग्नही तिच्या मामाशीच झालेलं, म्हणजे ही म्हातारी तिची सासू आणि आजी दोन्ही. मला म्हणाली, "शिकून तरी काय करनार पावणं? हिचा बी मामा हाय की. जाणती झाली की त्याला दिऊ. घरातल्या घरात ऱ्हाईल, कोन टाकून बोलनार न्हाय."

आई भाकरी थापत होती ती थापतच राहिली. तव्यावरची करपल्याचा वास आला, तरी ती उलटेना. मुलगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिथून मी तरातरा निघाले. राग होता की भीती, मला सांगता येणार नाही.

बापाला सरांनी गळ घातली आणि तो तिला घेऊन कोल्हापूरला आला. डोळ्यांचे डॉक्टर पोरीशी फार मायेनं बोलले. सगळं तपासून झाल्यावर तिला सिस्टरबरोबर बाहेर पाठवून त्यांनी आम्हाला सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुकत चाललाय. चष्म्यानं भागणार नाही आणि यावर आज तरी औषध नाही. पुरती आंधळी होणार नाही, पण वाचायची नजर जाईल. मोठी अक्षरं, भिंग, कानानं शिकणं, हे आत्तापासून लावा. मग त्यांनी आईबापाचं नातं विचारलं. बापानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, धाकटीलाही एकदा आणा.

धाकटीला कुणी आणलं नाही. मी फोन करत राहिले. आज तोडणी आहे, उद्या जत्रा आहे, मग फोन उचलणंच बंद झालं. मोठीसाठी अपंगत्वाचा दाखला काढला तर परीक्षेत तिला पेपर वाचून दाखवायला माणूस मिळतो, हे मी सरांकरवी कळवलं. त्यावर आजीचा निरोप आला, की कागदावर असलं लिहून आलं तर उद्या दोघींनाही कोण सून करून घेईल? दाखला काढायचा नाही. आणि बाईंनी परत आमच्या दारात यायचं नाही.

मग उरली माझी शेळी. मला वाटलं होतं, नव्या चाचणीत न पाहिलेला उतारा आला की ही पोरगी आपोआप उजेडात येईल. एका शाळेत नाही, सगळ्या राज्यात. अशी किती पोरं धड्यांच्या आड लपून बसली असतील, देव जाणे. कागदावर निकाल आला की आजीचं काही चालणार नाही, शाळेला हालचाल करावीच लागेल. या एका आशेवर मी पुढच्या बैठकीची वाट बघत होते.

बैठक झाली. साहेबांच्या चेहऱ्यावर मागच्या वेळचं हसू नव्हतं. सगळीकडून एकच बातमी आली होती, की पुस्तकाबाहेरचा उतारा पोरांना झेपत नाही. असा निकाल लागला तर राज्याची अब्रू जाईल, पेपरवाले सोलून काढतील, वरून विचारणा होईल. म्हणून ठरलं, की चाचणीचं नाव नवं, आखणी नवी, प्रश्नांवरचे शब्द नव्या अभ्यासक्रमातले, पण उतारा पुस्तकातलाच. सध्यापुरता. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला.

मी उभी राहिले आणि त्या मुलीचं सगळं सांगितलं. कोरा कागद, बोट, सगळं. सांगताना आवाज चढला, मग मधेच फाटला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर अवघड होतं. म्हणाले, "मॅडम, ऐकून वाईट वाटतं. पण एका मुलीवरून राज्याचा पेपर ठरत नाही." तेवढ्यात चहा आला आणि कपबशांच्या आवाजात पुढचा विषय सुरू झाला. माझी शेळी त्या दिवशी कुठल्या फाईलीत गेली, मला माहीत नाही.

दारात येऊ नको म्हटलं होतं, शाळेत येऊ नको म्हटलं नव्हतं. मी गेले. ती मधल्या सुट्टीत व्हरांड्यात भेटली. माझ्या चालीवरून तिनं मला लांबूनच ओळखलं आणि पळत आली. बिचारी मनातून घाबरलेली होती. चाचणी कधी, त्यात काय येणार, हेच तिनं आधी विचारलं. खोटं कसं बोलणार? सांगितलं, की तो बाहेरचा उतारा रद्द झाला. पुस्तकातलाच येणार.

तिचा चेहरा असा फुलला, की मला तिच्याकडं बघवेना. तिनं माझा हात गच्च धरला.

"मग काय भ्याव न्हाय बाई. धाकटी वाचून दावती की समदं," ती म्हणाली. "तिला दिसतंय तवर."