हळू बोलणारा रेडिओ

साल दोन हजार चोवीस, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. सकाळी अंगणात टेम्पो धूत होतो. पोरगा गोरख मागं येऊन उभा राहिला, काहीतरी बोलला. मी "हां, हां" केलं आणि पाण्याचा पाइप चाकावर धरला. थोड्या वेळानं तो कपडे बदलून पुढ्यात आला. "निघायचं ना, आबा?" मी म्हटलं, "कुठं?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "आत्ता सांगितलं ना तुम्हाला... सुदामकाका गेले. झोपेतच गेले." म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त गेल्याचं मला सांगून झालं होतं, मी मान डोलावली होती आणि चाकाचा चिखल काढत बसलो होतो. गोरखला म्हटलं, "पाण्याचा आवाज होता रे." आणि नळ बंद केला. सुदाम गेला याचं दुःख होतंच... त्याच्या बरोबरीनं भीती येऊन बसली होती.

सुदामचं सातपूरला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. हॉर्न, लाइट, टेप, काय पाहिजे ते बसवून द्यायचा. मी पेठकडून भाजी भरून नाशिकच्या मार्केटला आणणारा. शाळा चौथीपर्यंत, पण गाडीला कधी ओरखडा नाही आणि कुणाची एक शिवी खाल्ली नाही, असा माझा तोरा. तो उतरला आदल्या वर्षी. घाटात कारल्याचे कॅरेट घेऊन येत होतो. वळणावर जरा उजवीकडं घेतलं तर खिडकीला लागूनच ट्रक! कधी आला, कुठून आला, मला पत्ता नाही. दरीच्या बाजूला टेम्पो कसाबसा थांबला. ट्रकवाला पुढं थांबला, उतरून आला आणि माझ्या तोंडासमोर ओरडला, "केव्हाचा हॉर्न मारतोय! बहिरा हाय का, बाबा?" मी त्यालाच चार शब्द सुनावले. तो गेला तरी मी बराच वेळ गाडी चालू केली नाही.

घरी बोललो असतो तर गोरखनं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. मग मी ओट्यावर बसून काय करायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम? म्हणून अक्कल लढवली. टेम्पोत मोठ्या आवाजाचा रेडिओ बसवायचा. कुणी म्हटलं ऐकू आलं नाही का, तर सांगायचं, रेडिओ चालू होता. तडक सुदामकडं गेलो.

"मोठ्यातला मोठा आवाज पाहिजे," म्हटलं.

"कशाला? वरातीत लावायचाय का टेम्पो?"

"घाटात करमत नाय."

"जन्मभर करमलं, आता नाय करमत?" असं म्हणून तो गाडीच्या मागं गेला. मी पुढं बिडी ओढत उभा. जरा वेळानं समोर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किसन्या, मागून तुला आईवरून शिवी घातली. दोनदा. तू बिडी ओढतोयस. कान चांगले असते तर मला जित्ता सोडला असतास का?"

मी बिडी खाली टाकून पायानं विझवली. त्यानं पुढं विचारलं नाही. दुपारभर खपून त्यानं रेडिओ बसवला. स्पीकर एकच, तोही माझ्या बाजूच्या दरवाज्यात, उजव्या कानापाशी. मी बटण फिरवलं तर आवाज थोडा वाढला आणि थांबला. बटण फिरतंय, आवाज जागचा हलत नाही.

"हे काय केलंस?"

"शेजारी बसून माणूस बोलतो, तेवढाच ठेवलाय. मागच्या गाड्या उजव्या अंगानं पुढं येतात, तोच कान तपासायचा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी डाव्या कानात बोट घालायचं आणि बातम्या ऐकायच्या. शब्द कळले तर जा. नाय कळले तर किल्ली गोरखच्या हातात."

"आणि नाय दिली तर?"

"तर घाटात तुझ्या पुढ्यात येऊन उभा राहीन. मला उडवून जा."

रागानं महिनाभर त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून गेलो. पण बोट मात्र रोज घालत होतो. पुढं बोलणंचालणं सुरू झालं तसा तो गाडीला आडवा यायचा. "बोल, आज काय सांगितलं बातम्यांत?" एकदा नीट कळलं नव्हतं, तर मी ठोकून दिलं, "कांद्याचं काहीतरी." तो म्हणाला, "नाशकात कांद्याचं रोजच काहीतरी असतं, नेमकं बोल!" हसायचा, पण डोळे माझ्या कानावरच. तो विचारत होता तोवर मला धीर होता. आपल्या आधी कुणीतरी ओळखेल, सांगेल...

त्याच्या जलदानविधीला वसाहतीतल्या बुद्धविहारात गेलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं, वंदना झाली, लोक त्याच्याबद्दल बोलले. माइकचा आवाज घुमत होता, शब्द कळत नव्हते; मला नुसती ओठांची हालचाल दिसत होती. नंतर कळलं, त्याच्या मुलीनं, वैशालीनं, माइकवरून दोनदा माझं नाव घेतलं होतं. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. जे तिथं बोलायचं राहिलं, ते इथं लिहितोय.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी कानात बोट घातलं आणि रेडिओ पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. बटण फिरवलं, दरवाज्यावर बुक्की मारली. वायर ढिली झाली असणार, म्हटलं. दुसरं काही मनात येऊच देत नव्हतो. तसाच सातपूरला गेलो. दुकान आता वैशाली बघते. तिनं दरवाज्याचा आतला पत्रा काढला, वायरी बघितल्या, मग आत येऊन माझ्या बाजूला बसली आणि ऐकू लागली. मी तिचं तोंड बघत होतो. ती माझ्याकडं वळून मोठ्यानं एकेक शब्द सांगू लागली, "धरणातून... पाणी सोडणार... नदीकाठच्या लोकांनी..." आणि मधेच थांबली.

"किसनकाका, रेडिओ चांगला आहे."

तिनं माझं मनगट धरून हळूच खाली ओढलं. बोट अजून कानातच होतं.

"घरी सोडायला येऊ?"

"मी चालवतच आलोय," म्हटलं. पण परतीचा तो रस्ता! आरशात बघायचो तर मोकळा, आणि पुढच्या क्षणाला बाजूला बस. प्रत्येक मोटरसायकल जमिनीतून उगवल्यासारखी. एका पोरीची सायकल इतकी जवळून गेली की मी गाडी कडेला घेऊन स्टेअरिंगवर डोकं टेकलं. आजवर मी मरेन अशी भीती होती. त्या दिवशी कळलं, माझ्या हातून दुसरंच कुणीतरी जाईल. घरी आलो आणि तसाच आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखनं कॅरेट चढवले. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो. तो बराच वेळ खालीच उभा होता. मग चढला, रेडिओ लावला आणि समोर बघतच काहीतरी बोलला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "इकडं बघून बोल, मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाय."