डबीचं शेपूट

समोरच्या दारावरच्या पाटीवर वेगळंच आडनाव आहे, पण ते वाचायची तसदी आमच्या इमारतीत कुणी घेत नाही. त्यांना सगळे चुळबुळे म्हणतात. हे नाव मी ठेवलं, आणि माझ्या हातून झालेल्या मोजक्या टिकाऊ कामांपैकी ते एक आहे.

चुळबुळे चहाला बसले की कप गोल गोल फिरवत राहतात. दारात बोलायला उभे राहिले की कडी वर-खाली करतात. एकदा वाटीभर साखर मागायला आले होते. मी आत जाऊन साखर घेऊन येईपर्यंत त्यांनी आमच्या बेलचं झाकण उघडून ठेवलं होतं.

"स्प्रिंग जरा सैल होती, वहिनी."

"मग आता?"

"आता जरा घट्ट झालीय."

तेव्हापासून आमची बेल कुणी दाबली की वाजते आणि कुणी नाही दाबली तरी वाजते. मी दर वेळी उठून दार उघडते. दोनदा खरंच पाहुणे निघाले.

कारखान्यात मात्र या गुणाला मान आहे. पॅकिंगच्या मशिनांची देखभाल त्यांच्याकडे असते. पट्ट्याचा आवाज तिळभर बदलला तरी ताटावरून उठून जातील, आणि मशीन बंद पडण्याआधीच त्याचा बिघाड काढतील. घरी हा मान नाही. घरी त्यांची बायको पक्कड कुलपात ठेवते. ती नर्स आहे, तिच्या ड्युट्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. ती म्हणते, "वॉर्डातले पेशंट परवडले, ते निदान झोपतात तरी."

आता ताईंबद्दल सांगायला हवं. चुळबुळ्यांची थोरली बहीण तळमजल्यावर एकटी राहते. मागच्या खोलीत त्या मशरूम पिकवतात. आत गेलं की दोऱ्यांना टांगलेल्या भुशाच्या पिशव्या, अंगाला चिकटणारा गारवा, आणि ओल्या लाकडाचा वास. हा वास मी दारातूनच घेते. आत पाऊल टाकलं की मला एकामागून एक शिंका येतात आणि डोळे टोमॅटोसारखे होतात. ताईंच्या खोलीला एकच हट्ट आहे: हवा ओली आणि थंड पाहिजे. जरा कोरडी झाली की मशरूम रुसतात. म्हणून ताई कित्येक वर्षं कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत.

एकदाच गेल्या होत्या, एका लग्नाला. खोली भावाच्या हवाली केली. चुळबुळ्यांना वाटलं, पंखा मंद आहे, वाढवूया. मग वाटलं, हवा खेळत नाही, खिडकी उघडूया. मग वाटलं, फवारा जास्त होतोय, कमी करूया. ताई परत आल्या तेव्हा पिशव्यांवरचे मशरूम जुन्या चपलेच्या तळव्यासारखे झाले होते. त्यांनी भावाला एक शब्द सुनावला नाही. फक्त खोलीच्या किल्लीला दोरी बांधली आणि ती गळ्यात घातली.

आणि आता ताईंच्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती लांबच्या शहरात, नवरा फिरतीवर, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. कान माझे तिकडेच होते, हे काही लपवण्यासारखं नाही.

"आई, तू येशील ना?"

"बघते," ताई म्हणाल्या.

 फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ फडक्याने स्वच्छ टेबल पुसत होत्या.

चुळबुळ्यांना हे कळलं आणि त्यांच्या हातांना जणू कामच मिळालं. "ताई, तू शुक्रवारच्या गाडीने जा. खोली सांभाळली जाईल."

"कोण सांभाळणार? तू?"

"मी नाही. कॉम्प्युटर."

"तो तुझाच भाऊ असणार."

तो कॉम्प्युटर मी पाहिला. पत्त्यांच्या कॅटएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे भाग. त्यात नखाएवढं कार्ड घालायचं आणि त्या कार्डावर लिनक्स टाकायचं. लिनक्स म्हणजे त्या पाटीचा कारभारी, असं मला समजावण्यात आलं. पण या कारभाऱ्याबरोबर सगळं बिऱ्हाड येतं: चित्रं दाखवणारा, गाणी वाजवणारा, छपाई करणारा. पाटीला यातलं काही नको. तिने खोलीतला ओलावा आणि गारवा मोजायचा, कमी पडला की फवाऱ्याची मोटर आणि मोठा पंखा लावायचा, आणि दर थोड्या वेळाने ताईंच्या फोनवर आकडे धाडायचे. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून निरोपासाठी सिमकार्ड घातलेलं एक डोंगल जोडलं होतं.

चुळबुळे बिऱ्हाड कमी करायला बसले. गाणी गेली, छपाई गेली, चित्रं गेली. इथे थांबायचं असतं, पण थांबतील तर ते चुळबुळे कसले. आणखी छाटत गेले आणि सिमकार्ड ओळखणाऱ्यालाच घराबाहेर काढून बसले. निरोप बंद. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची बायको ड्युटीवरून येऊन चपला काढता काढता विचारायची, "अहो, काल चालत होतं ना?"

"चालत होतं."

"मग आज का उघडलंत?"

"अजून चांगलं चाललं असतं."

पाटी सुरू होताना पोटात काय काय करते ते बघायला त्यांनी तिला तीन बारीक तारा जोडल्या होत्या. दुसरं टोक लॅपटॉपला. पाटीला वीज दिली की लॅपटॉपवर ओळींचा पाऊस. अगदी सुरुवातीला एक ओळ यायची: कुठलीही कळ दाबाल तर मी इथेच थांबेन, नाहीतर पुढे निघते. मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत वाट बघून ती पुढे निघायची. चुळबुळे ही ओळ मला कौतुकाने दाखवायचे. मला तर त्यात त्यांचं स्वतःचंच लग्न दिसायचं: बायकोही पातं लवेपर्यंत थांबते आणि ड्युटीला निघते.

मंगळवारी पाटी प्लास्टिकच्या डबीत बसली आणि डबी खोलीच्या भिंतीवर. तारा मात्र चुळबुळ्यांनी काढल्या नाहीत. डबीच्या भोकातून बाहेर काढून, हवा बाहेर फेकणारा जो छोटा पंखा तिथे सदा चालू असतो त्याच्या वायरीवरून, शेपटासारख्या लोंबत ठेवल्या.

"हे कशाला?" ताईंनी विचारलं.

"असू दे. कधी वाटलं तर लॅपटॉप लावून बघता येईल."

"कुणाला वाटलं तर?"

यावर चुळबुळ्यांनी डबीचा स्क्रू पुन्हा एकदा आवळला.

डबी चालली. फवारा आपोआप सुटला, ताईंच्या फोनवर आकडे आले. पण ताई आईच्या जातीच्या. गळ्यातली किल्ली काढण्याआधी त्या परीक्षा घेणारच. त्या मेन स्विचपाशी गेल्या, खटकन बंद केला आणि पुन्हा चालू केला. "वीज जाते-येते तेव्हा मी इथे नसेन."

छोटा पंखा फिरू लागला. डबी गप्प.

चुळबुळे जिन्यावरून धावत लॅपटॉप घेऊन आले. शेपूट लॅपटॉपला लावलं, डबीची वीज काढली, पुन्हा दिली. डबी शहाण्यासारखी सुरू झाली. लॅपटॉप काढून मिटला, ताईंनी पुन्हा मेन स्विच खटकावला. डबी गप्प. पुढच्या खेपेला आपण होऊन सुरू. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा गप्प.

"म्हणजे तू समोर बसलास की चालतं," ताई म्हणाल्या. "मग तुलाच भिंतीवर टांगून जाते की."

ते दिवस आम्ही सगळ्यांनीच भोगले. चुळबुळ्यांनी कार्ड बदललं, वीज देणारी वायर बदलली, लिनक्स पुसून पुन्हा टाकलं. कारखान्यात रजा सांगितली. जेवताना उठायचे, खाली जायचे, वर यायचे. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून मला बिस्किटं न मोजता खायची सवय लागली, इतकी मीही अस्वस्थ झाले. खाली ताईंनी बॅग भरली. मग रिकामी केली. मग नुसती उघडी ठेवली. लेकीचा फोन वाजला की आधी भिंतीवरच्या डबीकडे बघायच्या आणि मग फोन घ्यायच्या.

गुरुवारी दुपारी डबी पुन्हा गप्प झाली. चुळबुळे लॅपटॉप घेऊन आले, शेपूट लावलं आणि नेहमीप्रमाणे डबीची वीज काढायला हात पुढे केला. ताईंनी मनगट धरलं.

"काय करतोयस?"

"बंद करून चालू करतोय."

"दर वेळी हेच करतोस. आधी बघ. मग हात लाव."

"बंद पडलेल्या डबीत काय बघायचं?"

"मेलेल्या पिशवीतही मी आधी बघते. तू आल्या आल्या पुसून टाकतोस आणि मग विचारतोस काय झालं होतं."

मी नाकाला रुमाल लावून दारात उभी होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. चुळबुळ्यांचा हात ताईंच्या मुठीत होता आणि त्याची बोटं तरीही हलत होती. मग मोकळ्या हाताने त्यांनी लॅपटॉपची एकच कळ दाबली.

डबीने उत्तर दिलं. हा हुकूम मला कळला नाही, असं तिचं म्हणणं होतं. आणि पुढे तो हुकूम: पाय घसरून पडल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं.

"हे कुणी लिहिलं?" चुळबुळे म्हणाले.

"माझ्याकडे नका बघू," मी म्हणाले. "मी उंबऱ्याच्या अलीकडे आहे."

चुळबुळे हलायचे थांबले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं आणि मला जरा काळजीच वाटली. त्यांनी लोंबणाऱ्या शेपटाकडे पाहिलं, मग पंख्याच्या वायरीकडे.

मग हळूहळू उलगडलं ते असं. लॅपटॉप लावलेला असला की शेपूट शांत. लॅपटॉप काढला की मोकळं टोक हवेत, आणि शेजारच्या पंख्याची वायर जे काही कुरकुरते ते त्या तारेला ऐकू येतं. पाटीला वाटतं, कुणीतरी कळ दाबतंय. मग ती बिचारी आज्ञाधारक सुनेसारखी थांबते: साहेबांना काही सांगायचंय. आणि साहेब तर वर ताटावर बसलेले.

"म्हणजे," ताई म्हणाल्या, "ती तुझीच वाट बघत होती."

चुळबुळ्यांनी शेपूट चिमटीत धरून वर उचललं. मग म्हणाले, "तिला सांगून ठेवतो ना, कुणासाठी थांबू नकोस म्हणून. शेपूट राहू दे. अधूनमधून बघायला..."

"काढ."

"ताई, पण आत काही झालं तर मला कळणार कसं?"

"तुला कळायचंच नाहीये. मला कळायचंय."

त्यांनी डबी उघडली, तीन तारा एकेक करून उपटल्या, आणि कुठे ठेवू ते न सुचून बोटाला गुंडाळल्या. ताईंनी हात पुढे केला, तारा घेतल्या आणि उघड्या बॅगेत, लेकीसाठी घेतलेल्या मऊ चादरींच्या मधे ठेवल्या. मग मेन स्विच खटकावला. पुन्हा. पुन्हा. डबी दर वेळी कुणाचीही वाट न बघता निघाली. ताईंनी लेकीला फोन लावला आणि "बघते" न म्हणता "येते" म्हणाल्या.

शुक्रवारी निघताना त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. चुळबुळ्यांनी हात पुढे केला होता. किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"हिला शिंका येतात," भावाला म्हणाल्या. "ही आत जायची नाही."

त्यांचंही बरोबर होतं. पहिली तोडणी झाली होती, दुसरी यायला अवकाश होता, मधल्या काळात खोलीला माणसाची गरजच नव्हती. चुळबुळ्यांना मात्र खोलीची फार होती. ते रोज काही ना काही कारण काढून यायचे.

"वहिनी, कुलपाला जरा तेल द्यायला हवं."

"बाहेरून द्या."

रविवारी दुपारी वीज गेली. मी खाली गेले तर चुळबुळे आधीच खोलीच्या दाराला कान लावून उभे. त्यांची बायको ड्युटीचे कपडे न बदलता पायरीवर बसलेली. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. माझी मूठ उघडायला आली होती, हे सांगते.

वीज आली. दाराआड छोटा पंखा फिरू लागला, पण तो काय, तो नेहमीच फिरतो. चुळबुळ्यांचा एक हात कडीवर गेला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो पहिला हात धरून खाली आणला. आम्ही तिघं तिथेच. नळ ठिबकत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

मग आत टक्क झालं आणि फवाऱ्याची मोटर गुणगुणू लागली.

चुळबुळे दाराला पाठ टेकून खाली बसले. तेवढ्यात त्यांच्या फोनवर ताईंचा मेसेज आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, "आकडे आले, खोली ठीक आहे." मग पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, मनाशी.

"पुढे अजून एक ओळ आहे," त्यांची बायको खांद्यावरून वाकून म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "मुलगी झाली. दोघी छान आहेत."