काका ब्रेक धरतात

आमच्या घरातली एक गाडी माझ्या पायापेक्षा माझ्या मेलेल्या काकांचं जास्त ऐकायची. हे मी शुद्धीत लिहितोय, आणि माझ्याकडे ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आहे. (खरा आहे. फ्रेम करून भिंतीवर लावलाय. मागं पाल राहते.)

काका म्हणजे आमच्या आप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखे तेही सोनं गाळायच्या धंद्यात पार दक्षिणेत गेले आणि तिथंच दुकान टाकून बसले. काकी इकडं कुंडलला, उसात. काका यायचे ते यात्रेला नाहीतर दिवाळीला, आणि यायचे ते त्या गाडीतून! परदेशी, दोन दारांची, लालभडक, टर्बोवाली. वयानं माझ्या लग्नापेक्षा जुनी, पण पाय लागला की पोट पाठीला चिकटायचं. आप्पा तिच्यात एकदाच बसले. "ही गाडी हाय का जेवायचा पाट?" म्हणाले, आणि त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली.

गेल्या वर्षी काका तिकडंच हार्ट अटॅकनं गेले. त्यांना गावी आणलं, विट्याच्या रस्त्यावर ओढ्याकाठी आमची मसणवट आहे तिथं अग्नी दिला. गाडी माझ्या वाट्याला आली. काका गेल्याचं दुःख मला होतंच, पण गाडी आल्याचा आनंद लपवताना तोंड दुखायचं.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्यात घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, विहिरीवरची मोटर, बायकोचा मिक्सर, सगळ्यांना हार. काकी हातात काळी बाहुली घेऊन माझ्या गाडीपाशी आली आणि पुढं बांधायला वाकली.

"काकी, तिथं नको! सगळा शो जातो गाडीचा!"

"दृष्ट लागंल रं. लाल गाडी हाय."

"लागू दे लागली तर. पण बाहुली बांधायची न्हाई."

"बरं," काकी म्हणाली. काकी 'बरं' म्हणाली की विषय संपला, असं समजणारा घरात मी एकटाच.

त्याच आठवड्यात काकीला साखर तपासायला विट्याला घेऊन निघालो. दिवस मावळत होता. ओढा जवळ आला आणि गाडी जड झाली. मी पाय दाबला, गाडी ओरडली, पण पुढं जाईना. मागून कुणीतरी बंपर धरून ओढतंय अशी गत! घरंगळत, कण्हत ती बरोबर मसणवटीच्या फाटकासमोर थांबली आणि बंद पडली. मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो. आरशात बघितलं तर मागची बाभळ लालेलाल. ब्रेकचे दिवे जळत होते. आणि माझे पाय सीटवर होते!

कसलातरी जळका वास पसरला. काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमी हाय व्हय?" ती खिडकीतून बाहेर बघून म्हणाली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला वाटलं तो लगेच जाईल, पण तो मुक्कामालाच राहिला. काकी उतरली, हात जोडले, काहीतरी पुटपुटत उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती आत येऊन बसली, मी चावी फिरवली, आणि गाडी लोण्यासारखी पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिप्लोमाला जागलो. जॅक लावला, चारी चाकं काढली. डिस्क बघितल्या, पॅड बघितले, कॅलिपर उघडून पुसले, ब्रेक ऑइल सगळं बदललं. दोष नाही! चाकं हातानं भिरभिर फिरत होती. पोराला ताप म्हणून दवाखान्यात न्यावं आणि तिथं त्यानं डॉक्टरांच्या टेबलावर चढून उड्या माराव्यात, तसं. पेडल जरा खाली बसल्यासारखं वाटत होतं खरं, पण म्हटलं, वय झालं की सगळंच खाली बसतं.

पुढच्या खेपेला गाडी मसणवटीपर्यंत गेलीच नाही. अलीकडं, पुलावरच थांबली. लाल दिवे, जळका वास, सगळं तसंच.

"आल्यात बघ अलीकडं," काकी म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हंजे?"

तिच्या पुढच्या खेपेला उसाच्या वजनकाट्यापाशी. मग शाळेपाशी. मग गावाच्या वेशीत! काका मसणवटीतून निघाले होते आणि टप्प्याटप्प्यानं घराकडं येत होते. मी रोज रात्री मनातल्या मनात अंतर मोजायचो आणि कडी दोनदा बघायचो. बायको म्हणाली, "कडीनं काय हुतंय? ते गाडी थांबवत्यात, कडीला काय भितील व्हय?" आमच्या बायकोचं धीर देणं हे असं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. गाडी दिसली की बायका पदर घ्यायच्या. पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहायची. (मी हात करायचो. ते मला नव्हतं हे नंतर कळलं.) एकानं तर बॉनेटवर नारळ फोडला आणि पोचा पाडला.

शेवटी आप्पा भडकले. "लोकं हसाय लागल्यात! मेलेल्या माणसानं गावात गाडी हाकायची आन जित्यानं बाजूला बसायचं? रविवारी भंगारवाला येनार हाय. न्हाई सुदारली तर उचलून न्हेऊ दे."

"आप्पा, काकांची आठवण हाय ती!"

"आठवण हाय तर रस्त्यावर कशापाई आडवी येती?"

मला गाडीचं वाईट वाटत होतं. पण काकीची अवस्था बघून ते वाईट वाटणं लाजेनं गप्प बसलं. तिनं जेवण सोडल्यातच जमा होतं. शनिवारी संध्याकाळी ती अंगणात गाडीला टेकून बसली होती. मी शेजारी बसलो.

"शेवटचा फोन केला हुता बघ त्यांनी," ती म्हणाली. "म्हनले, एक सांगायचंय. मी म्हनलं थांबा, दूध उतू चाललंय. आन ठेवला. मग भाकरी, मग धारा, इसरूनच गेले. सकाळी दुकानातल्या मानसाचा फोन." तिनं पदरानं गाडीचं दार पुसलं. "काय सांगायचं असंल रं? ते सांगायलाच येत्यात ते. आन तुमी भंगारात घाला."

मला रडू आलं. लपवलं नाही. मग ठरवलं, भूत असो नाहीतर बिघाड, उद्या भंगारवाला यायच्या आत छडा लावायचा.

रविवारी उजाडताच गाडीत शिरलो. बाहेरून सगळं बघून झालं होतं, राहिली होती फक्त पेडलच्या वरची जागा. या गाडीत तिथं बघायचं म्हणजे सीटवर पाय आणि खाली डोकं, असं शीर्षासन करावं लागतं. पोट मधे येत होतं. कसंबसं डोकं आत घातलं, मोबाइलची बॅटरी लावली, वर बघितलं.

आणि अंधारातून, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, एक काळाकुट्ट चेहरा पांढऱ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होता!

मी जी बोंब मारली ती ऐकून भंगारवाला वेशीतूनच परत फिरला, असं म्हणतात. मला उलटा फिरता येईना. पाय सीटवर झाडत होतो, डोकं ब्रेकखाली, हॉर्न वाजत होता. आप्पांनी आणि बायकोनं एकेक पाय धरून मला बाहेर ओढलं.

"आत... आत बसलंय!"

काकी धावत आली. तिनं वाकून हात घातला, चाचपला आणि शांतपणे म्हणाली, "आगं बया. ती बाहुली हाय."

ब्रेकच्या दांड्याला, वरच्या बाजूला, काकीनं दसऱ्याला काळी बाहुली बांधली होती. बाहेर शो जातो म्हणून आत! आणि गाडी थांबली की दर खेपेला तिच्याशेजारी एक-एक भर. अंगाऱ्याची पुरचुंडी, बिब्बा, वाळका लिंबू, पुन्हा पुरचुंडी. द्राक्षाचा घड लागावा तसा तो घड दांड्याच्या मागं ठासून बसला होता. पेडल पूर्ण वर यायलाच जागा नव्हती. म्हणजे ब्रेक कायम किंचित दाबलेला. चाललं की घासून तापायचा, तापला की आवळायचा, निवला की सुटायचा. म्हणून ते लाल दिवे, म्हणून तो वास. आणि घड जितका मोठा, तितकी गाडी लवकर थांबायची. काकांना घराच्या जवळ काकीच आणत होती!

"काकी! काका येत्यात म्हणत हुतीस, मग हे कशापाई बांधत हुतीस?"

"ते माझ्याकडं येत हुतं रं," काकी म्हणाली. "मधल्यामधी तुला काय हुयाला नको."

आप्पांनी स्वतःच पक्कड आणून माझ्या हातात दिली.

घड काढला. गाडी सुधारली. भंगार टळलं. संध्याकाळी काकीला घेऊन विट्याच्या रस्त्याला निघालो. वेस गेली, शाळा गेली, काटा गेला, पूल गेला. गाडी वाऱ्यासारखी. मसणवट आली आणि काकीनं मान वळवून त्या फाटकाकडं असं बघितलं की मला राहवेना. मी हळूच ब्रेक दाबला. गाडी फाटकासमोर थांबली. मी चेहरा घाबरलेला केला.

"काकी... थांबली बघ!"

"पाय दिसतोय मला तुजा," काकी म्हणाली.

आणि हसली! काका गेल्यापासून पहिल्यांदाच, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "थांबवलीच हायस तर थांब. दूध ठिवलेलं न्हाई आज. बोलून येते."

ती फाटकाशी बराच वेळ उभी होती. अंधार पडत आला. ओढ्यात कायतरी खसफसलं. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा निवलेला होता. मी चावी फिरवली, पाय दाबला. गाडी गुरगुरली. जागची हलली नाही. पुन्हा दाबला. मागून कुणीतरी घट्ट धरलेलं! खाली बघितलं, पाय ब्रेकवर नव्हता. घड तर मी स्वतःच्या हातानं काढला होता.

"काकी," मी कापऱ्या आवाजात म्हणालो, "आईशप्पत, आता मी न्हाई धरलेली. काका... काका, सोडा ओ! तुमच्या पाया पडतो!"

काकीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आमच्या दोघांच्या मधे बघितलं आणि म्हणाली,

"हँडब्रेक काढ रं आदी."